गोविंदरावांची पोरं आणि आमची लॅब

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या लॅबच्या डीप फ्रीजरमध्ये बर्फ साठायचा तसे ते साठतात. रोज दार उघडताना काही जाणवत नाही, आणि एक दिवस दारच लागत नाही! मग हातातली सगळी कामं टाकून कोणीतरी खरवडायला बसतं.

परवा तसंच झालं. लॅब चालवणाऱ्या मॅडम रिटायर झाल्या, लॅब बंद पडली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आम्ही जुनी मंडळी बेंगळुरूत इंदिरानगरला मुरलीच्या घरी जेवायला जमलो होतो. आधी मुलांच्या शाळा, मेट्रो, ट्रॅफिक असं सगळं रीतसर बोलून झालं. मग वसुधा म्हणाली, "मुरलीच्या ऑटोवाल्याचं सांग की!" झालं. त्यानंतर ट्रॅफिकचं नाव कोणी काढलं नाही.

आमचं काम तसं एका वाक्यात सांगता येतं. हत्तीपायाच्या पेशंटचं रक्त घ्यायचं, त्यात तो हत्तीपाय करणाऱ्या जंताला ओळखणाऱ्या ज्या मूठभर पांढऱ्या पेशी असतात त्या निवडायच्या, आणि प्लास्टिकच्या छोट्या ताटल्यांमध्ये वाढवायच्या. त्या वाढल्या, की शरीर या जंताशी कसं लढतं आणि कुठे हार मानतं ते तपासता येतं. अडचण एवढीच की त्या वाढत नाहीत! हा जंत इतका लबाड, की वर्षानुवर्षं अंगात राहून त्या पेशींना झोपवून ठेवतो. आम्ही पगार घ्यायचो तो त्यांना उठवायचा.

लॅबमध्ये कन्नड, तमिळ, हिंदी, इंग्रजी आणि दोन प्रकारची मराठी चालायची. इथे मी सगळ्यांना मराठीत बोलायला लावतोय, तेवढं चालवून घ्या.

* * *

मी पुण्याहून एमएस्सी करून आलो आणि कोरमंगलाच्या एका पीजीत सामान टाकून थेट इंटरव्ह्यूला गेलो. मॅडमनी माझ्या सीव्हीवर एक नजर टाकली आणि तो बाजूला ठेवला.

"ब्लड ग्रुप?"

"एबी पॉझिटिव्ह."

मॅडमनी चष्मा काढला. "जॉइन कधी होतोस?"

त्याचं कारण नंतर कळलं. आमच्या पेशींना नुसत्या बाटलीतल्या पोषक पाण्यावर जगता येत नाही. त्यात माणसाच्या रक्ताचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी, घालावं लागतं. ते एबी गटाच्या पुरुषाचं असलं तर उत्तम, कारण ते दुसऱ्या कोणाच्या पेशींशी भांडत नाही. एका पुणेकराचं रक्त कोणाशी भांडत नाही हे शास्त्राने सिद्ध केल्यावरही आमच्या घरी कोणाचा विश्वास बसला नाही, ते सोडा.

सीरम द्यायच्या दिवशी उपाशी यायचं, असा कडक नियम होता. एका शनिवारी मी बसवनगुडीतून येत होतो, वाटेत तव्यावर लोण्यात भाजणाऱ्या डोशांचा वास आला आणि नियम डोक्यातून साफ गेला. लॅबमध्ये रक्त दिलं, ते गोठलं, आणि वर सुटलं ते पिवळं पाणी नव्हतंच. पांढरं! दुधासारखं!

मॅडमनी ट्यूब खिडकीच्या उजेडात धरली.

"बेण्णे दोसे?"

"हो मॅडम."

त्यांनी ट्यूब जरा तिरकी केली, पुन्हा निरखून पाहिली.

"दोन?"

"...दोन."

चटणी कुठली होती ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.

* * *

पेशींना उठवायचं तर त्यांच्यापुढे जंत ठेवायला हवा. माणसातला जंत मिळणं महाकठीण, म्हणून आम्ही म्हशीच्या पोटात सापडणारा त्याचा चुलतभाऊ वापरायचो. तो मिळायचा कत्तलखान्यात. आणायला जायचा मुरली, ज्याच्या घरात कांदासुद्धा शिजत नव्हता!

जंत जिवंत आणि कोमट राहायला हवेत, म्हणून ते थर्मासमध्ये. थंडीच्या दिवसांत मुरली तो थर्मास स्वेटरच्या आत छातीशी धरून ऑटोत बसायचा. एका सकाळी ऑटोवाल्याने आरशातून बघितलं.

"काय आहे? दूध? बाळाला?"

मुरलीने विचार केला. खरं सांगितलं तर हा मला इथेच उतरवेल. तो "हौदु" म्हणाला, म्हणजे हो.

त्यानंतर तो ऑटो असा चालला की काय सांगू! प्रत्येक खड्ड्याला वळसा, स्पीडब्रेकरवर पावलापावलाने. आमची लॅब हॉस्पिटलच्या आवारातच होती. गेटपाशी ऑटोवाला हळूच म्हणाला, "सगळं ठीक होईल, सर."

तो तिथल्याच स्टँडवरचा निघाला. मग दर वेळी विचारायचा, "मगु हेगिदे?" बाळ कसं आहे? मुरली आधी "बरंय" म्हणायचा. मग वजन वाढल्याचं सांगायला लागला. एकदा दातसुद्धा आले! आम्ही म्हणायचो, अरे, आता बारसं तरी कर.

एक दिवस ऑटोवाला वर लॅबच्या दारात हजर. हातात चन्नपट्टणचा लाकडी खुळखुळा, लाल-पिवळा. मुरली नेमका आत होता. मॅडम दारात गेल्या, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खुळखुळा घेतला आणि म्हणाल्या, "बाळ झोपलंय. उठलं की देते."

थापा मारू नयेत यावर मॅडमनी त्या दिवशी मुरलीला अर्धा तास लेक्चर दिलं. खुळखुळा हातात धरून!

* * *

कुठल्याही प्रयोगात पेशंटबरोबर एक निरोगी माणूस लागतो, तुलनेसाठी. त्याच्या पेशींनी जंताकडे ढुंकूनही बघायचं नसतं. हे काम आम्ही पाळीपाळीने करायचो. रक्त दिलं की पेशंटला कँटीनचा इडली-वडा, स्टाफला नुसती कॉफी.

मुरलीची पाळी आली आणि भलतंच झालं. पेशंटच्या पेशी ढिम्म, आणि मुरलीच्या पेशी जंत बघून दणादण वाढलेल्या! पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग वसुधाने करून बघितलं, तरी तेच. कोणी म्हणालं ताटल्या बदलल्या असतील, कोणी म्हणालं हात धुतले नसतील. मॅडमनी फक्त एक प्रश्न विचारला.

"लहानपणी सुट्टीत कुठे जायचास?"

"आजीकडे. समुद्राजवळच्या खेड्यात."

"डास होते?"

"डासच होते, मॅडम. आम्ही मध्ये मध्ये होतो."

म्हणजे त्या डासांतून कधीतरी जंत याच्या अंगात शिरला होता, आणि याच्या शरीराने तो हाकलूनही लावला होता. मॅडमनी त्याच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त अगदी स्वच्छ. तरी तुलनेसाठी हा कायमचा बाद.

"आजपासून तू या प्रयोगात स्टाफ नाहीस," मॅडम म्हणाल्या. "तुझं नाव दुसऱ्या गटात."

मुरली क्षणभर गंभीर झाला. मग म्हणाला, "म्हणजे मला आता इडली-वडा?"

* * *

वसुधा बसवनगुडीची. तिचं घराणं इतक्या पिढ्यांपासून बेंगळुरूचं, की तिच्या मराठीत दर तिसरा शब्द कन्नड. आम्ही सगळे तिला वसुधाक्का म्हणायचो. ती पीएचडी करत होती, आणि हसण्यावारी नेण्यासारखं तिचं काही नव्हतं. हत्तीपाय झालेल्या माणसाच्या झोपलेल्या पेशी उठवून महिनोन्‌महिने वाढवून दाखवायच्या, हाच तिचा थीसिस. एकाच्या वाढल्या तर डिग्री. नाहीतर इतकी वर्षं पाण्यात. फेलोशिप संपत आली होती आणि मॅडमनाही वाढवून मागणं शक्य नव्हतं.

त्याच काळात घरचे तिच्या लग्नाच्या मागे. एका शनिवारी तिला बघायला मंडळी आली. पोहे झाले, कॉफी झाली, आणि वसुधा घड्याळ बघायला लागली. मुलाच्या आईने विचारलं, "काय गं, कुठे जायचंय?"

"होय की. लॅबमध्ये त्यांना खायला घालायचंय. आज नाही घातलं तर सोमवारपर्यंत मरतात."

"अगंबाई! कोणाला?"

"माझ्या पेशींना."

"किती आहेत?"

वसुधाने प्रामाणिकपणे हिशोब केला. "सरी, असतील वीसेक लाख."

लग्न जमलं नाही. मुलाकडून निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण मोठ्या कुटुंबात द्या!

* * *

आणि मग आमच्याकडे गोविंदराव आले.

बँकेतून रिटायर झालेले, बसवनगुडीचेच, मराठीच. नोकरीची बरीच वर्षं रायचूरकडे गेली आणि तिथून हा सुजलेला डावा पाय घेऊन परतले. लॅबमध्ये आले की सगळ्यात आधी खुर्ची आपल्या मनासारखी फिरवून घ्यायचे. मॅडमना "काय अक्का" म्हणणारे ते एकटेच. मी तसं म्हटलं असतं तर त्याच दिवशी पुण्याची बस पकडावी लागली असती.

आणि चमत्कार बघा, त्यांच्या पेशी वाढल्या! का, ते मॅडमनाही सांगता येईना. बाकी सगळ्या पेशंटच्या झोपलेल्या आणि यांच्या ताटलीत गर्दी. वसुधाने मायक्रोस्कोपमधून बघितलं आणि सरळ पायऱ्यांवर जाऊन बसली. मी मागे गेलो. "हसतेयस की रडतेयस?" "दोन्ही स्वल्प स्वल्प," म्हणाली.

गोविंदरावांना दाखवायला बोलावलं. जंताचा अंश समोर आला की त्या पेशी घोळके करतात, द्राक्षांच्या घडासारखे. गोविंदरावांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"हे असे जमलेत ते काम आहे म्हणून, की नुसतेच?"

"कामासाठीच, काका. काम नसलं की जमत नाहीत."

"मग माझे नव्हेत हे," गोविंदराव म्हणाले. "मी बँकेत होतो!"

पण त्या दिवसापासून ते त्यांना 'माझी पोरं' म्हणायला लागले. फोन करून विचारायचे, "पोरी, पोरं जेवली?" आणि वसुधा हातातलं काम टाकून सविस्तर उत्तर द्यायची.

ते दिवस आठवले की मला अजून गलबलून येतं. पगार किरकोळ, एसी कायम बिघडलेला. इन्क्युबेटरची घरघर आणि कोणाच्या तरी थर्मासमधली फिल्टर कॉफी. पण एका माणसाच्या पेशी वाढल्या म्हणून आम्ही सगळ्यांनी केसरीबात, म्हणजे तिकडचा केशरी शिरा, खाल्ला होता. आता मी मोठ्या कंपनीत आहे, चकचकीत काचेच्या इमारतीत. तिथे पेशी वाढल्या तर ईमेल येतो.

* * *

आता शेवटचा. परवा हा सांगताना आम्ही कोणी कोणाला मध्ये तोडलं नाही.

आमच्या या पेशींची एक खोड असते. त्या जंताला स्वतःहून ओळखत नाहीत. दुसऱ्या एखाद्या पेशीने जंताचा तुकडा त्यांच्यापुढे धरावा लागतो, आणि ती पेशी घरातली, म्हणजे त्याच माणसाची, लागते. म्हणून दर पंधरवड्याला गोविंदरावांचं ताजं रक्त लागायचं. परक्या माणसाचं घातलं तर या पेशी जंत सोडून त्या परक्यावरच तुटून पडतात.

आणि गोविंदरावांना छातीत दुखलं. बायपास झाली. डॉक्टरांनी बजावलं, आता कित्येक महिने रक्ताचा एक थेंब द्यायचा नाही.

पुढच्या पंधरवड्यात ताटलीतली गर्दी विरळ झाली. वसुधाने काही पेशी आधी गोठवून ठेवल्या होत्या, त्या बाहेर काढल्या तर उठल्याच नाहीत. उरलेल्या फार तर दोन आठवडे टिकल्या असत्या.

आम्ही हॉस्पिटलात गोविंदरावांना बघायला गेलो. नुसतंच बघायला. पण त्यांनी पडल्या पडल्या विचारलं, "पोरं कशी आहेत?" आणि वसुधा आणलेली मोसंबी टेबलावर एकेक करून ठेवायला लागली. ते समजले.

"दुसऱ्या कोणाचं चालणारच नाही?"

"सख्ख्या भावंडाचं चालू शकतं," मी म्हणालो. "चारात एखाद्याचं जुळतं."

गोविंदराव छताकडे बघत राहिले. "भाऊ आहे. श्रीनिवास. विचारायचं तर विचारा. पण मी विचारलं म्हणून सांगू नका."

पुढचं वसुधाच्या आईकडून कळलं. श्रीनिवासराव धाकटे, शाळेत गणित शिकवायचे, राहायचे गोविंदरावांच्या अगदी मागच्या गल्लीत. वडिलांच्या श्राद्धाला कुठले भटजी बोलवायचे यावरून दोघांचं वाजलं, ते बोलणंच थांबलं. तेव्हापासून श्राद्ध एकाच दिवशी, दोन घरांत, दोन भटजींचं. "त्या दिवशी आमच्या भागातल्या कावळ्यांची चैन असते," वसुधाची आई म्हणाली. वसुधाचा धाकटा भाऊ आता मुंजीच्या वयाचा झाला होता, आणि हा अबोला त्याच्या जन्माआधीपासूनचा.

आम्ही गेलो. श्रीनिवासरावांनी बसा म्हटलं, पंखा लावला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. पेशी, जंत, चारात एक, थीसिस, सगळं. मग म्हणाले, "त्याने पाठवलं तुम्हाला?"

मी "नाही" म्हणणार, तेवढ्यात वसुधा बोलली. तिला खोटं बोलताच येत नाही.

"त्यांनी विचारलं म्हणून सांगू नका, असं सांगितलंय."

मी कपाळाला हात लावला. श्रीनिवासरावांचा चेहरा तसाच. ते उठले, आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. त्यांच्या बायकोने आणलेली कॉफी आम्ही प्यायलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायला गेलो तर श्रीनिवासराव पायऱ्यांवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, एक बाही आधीच कोपराच्या वर दुमडलेली.

"उपाशी आलोय," म्हणाले. "घ्या."

भावाचं नाव काढलं नाही. रक्त दिलं आणि गेले. इडली-वडासुद्धा खाल्ला नाही. वसुधाने त्यांच्या पेशी वेगळ्या केल्या, त्यांच्यावर जंताचा अंश घातला आणि गोविंदरावांच्या उरल्यासुरल्या पेशी त्यांच्यात सोडल्या. आता वाट बघण्याशिवाय काही हातात नव्हतं. त्या दोन-तीन दिवसांत आमच्या लॅबमध्ये कोणी जोराने दारसुद्धा लावलं नाही.

ताटली बघायच्या दिवशी श्रीनिवासराव न कळवता हजर. कोपऱ्यातल्या स्टुलावर ताठ बसून राहिले. वसुधाने ताटली मायक्रोस्कोपखाली ठेवली. बघितलं, बाजूला झाली, पुन्हा बघितलं. मग मॅडमनी बघितलं. मॅडम म्हणाल्या, "त्यांना दाखव."

श्रीनिवासराव वाकले. भिंगातून घोळकेच घोळके दिसत होते. जंत न घातलेल्या शेजारच्या ताटलीत एकही नव्हता, म्हणजे भावाचं रक्त जुळलं होतं.

"यातले त्याचे कुठले?"

"हे गोळा झालेत ना, ते त्यांचे," वसुधा म्हणाली. "आणि ज्यांच्याभोवती गोळा झालेत, ते तुमचे."

ते कितीतरी वेळ डोळा लावून उभे होते. मुरली खिडकीबाहेर बघत होता, मीही तिकडेच बघायला लागलो.

वसुधाने डोळे पुसले आणि गोविंदरावांना सांगायला फोन उचलला. तोवर ते घरी आले होते. ती नंबर लावायला लागली तेव्हा श्रीनिवासराव म्हणाले, "फोन नको. मी सांगतो त्याला."

वसुधाने फोन खाली ठेवला.

श्रीनिवासरावांनी चष्मा पुसून घातला, मॅडमना नमस्कार केला आणि दारापर्यंत गेले. तिथे थांबले. वळून वसुधाकडे आले आणि आम्हाला ऐकू येऊ नये अशा बेताने, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं विचारलं,

"वसुधाक्का, तुम्हाला ठाऊक असेल. त्याला गोड चालतं का आता?"